माझी नाडी मॅडमच्या मुठीत

त्या भिंगरीचे वागणे मला पहिल्या दिवसापासून पटले नाही. माझे मनगट धरते दोन बोटांत, अगदी पुस्तकातल्या चित्रासारखे, आणि डोळे मात्र मॅडमच्या हातावर. मॅडमची मूठ मिटली की ही ओठांत एक म्हणते. मूठ पुन्हा मिटली की दोन. अगं बाई, मनगट कोणाचे धरलेस आणि मोजतेस काय? शेवटी आकडा बरोबर येतो, मॅडम "छान" म्हणतात, आणि ही माझा हात चादरीवर असा टाकून देते, जशी भांडी घासून झाल्यावर घासणी टाकावी.

मित्रांनो, मी एक जुनी बाहुली आहे. खेळण्यातली नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. मी नर्सिंग शाळेच्या सराव-खोलीत राहते. माझ्या अंगावर मुली शिकतात आणि मग खऱ्या लेकरांना हात लावतात. दिसायला मी चार वर्षांच्या पोरीएवढी. वयाने मात्र इथल्या मॅडमहून मोठी. तरी सगळ्या मला 'बाळ' म्हणतात. "बाळाला इकडे घे", "बाळाची चादर बदल". ज्यांच्या आया माझ्याच डोक्याला पट्टी बांधायला शिकल्या, त्या मला बाळ म्हणणार. असो. तोंड रंगवलेले आहे, उघडत नाही, म्हणून त्यांचे फावते.

माझे लिहिणे-वाचणे जेमतेम. सारा जन्म शाळेत गेला, पण माझ्या हाती पाटी कोणी दिली नाही. समोरच्या भिंतीवरचे तक्ते बघून बघून अक्षरे ओळखीची झाली, आणि बाकीचे कानांनी मिळवले. तेव्हा एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर हसू नका.

मला घडवले एका कारागिराने. तो लाकडाचे पाय बनवायचा, ज्यांचे पाय गेले त्यांच्यासाठी. लहान मुलीचे अंग त्याने पहिल्यांदाच केले. रबराचे हात-पाय, आत कापूस, डोळे काचेचे, आणि छाती लाकडाची, कपाटासारखी दोन दारांची. दार उघडले की आत हृदय. ते काढता येते, घालता येते, फोडीसारखे उघडून आतले कप्पे दाखवता येतात. त्याने माझ्यासाठी सहा हृदये कोरली. एक धड, पाच बिघडलेली. धड होते ते कोणा एका मास्तरांनी दुसऱ्या वर्गात दाखवायला नेले आणि आणून देतो म्हणाले. अजून आणताहेत. त्यामुळे माझ्याजवळ हृदये पाच आहेत आणि त्यांतले एकही नीट नाही. एवढी हृदये असूनही माणसाला एकटे कसे वाटते, हे मला विचारा.

माझी नाडीही त्यानेच बसवली. छातीतून एक रबरी नळी निघते, गादीखालून जाते आणि तिच्या टोकाला मुठीएवढा फुगा. फुगा दाबला की माझ्या मनगटात, मानेत आणि डाव्या छातीखाली ठोका लागतो. दाबणारा थांबला की मी थांबते. माझे स्वतःचे असे त्यात काही नाही.

हा फुगा पहिल्यांदा मोठ्या बाईंच्या हातात आला. त्या तेव्हा शाळेच्या मुख्य शिक्षिका. जाड भिंगांचा चष्मा आणि आवाज असा की शेजारच्या खोलीतल्या मुलीसुद्धा ताठ बसायच्या. फुगा त्यांच्या एप्रनच्या खिशात असे. खिशात हात घालून त्या बोलत राहायच्या, खिडकीबाहेर बघायच्या, मध्येच कोणाला तरी झापायच्या, आणि आत मुठीने माझा ठोका कधी भरभर, कधी सावकाश, कधी मध्येच एक गाळून चालवायच्या. मुलींना बघायला काही मिळायचे नाही. डोळे मिटून बोटांवर भरवसा ठेवावा लागे. एखादी चुकली की बाई म्हणायच्या, "तू माझं तोंड मोजलंस. मी बोलते जास्त, हिचं मोज." मला त्या 'ही' म्हणत. बाळ कधी म्हणाल्या नाहीत.

ते माझे भरभराटीचे दिवस. सकाळी दार उघडले की माझ्याभोवती गराडा. एक मुलगी गुडघ्याला पट्टी बांधते आहे, दुसरी माझ्या नाकात नळी घालते आहे, तिसरी घाबरून रडते आहे आणि चौथी तिला हसते आहे. बाहेरून पाहुणे आले की बाई माझी दारे उघडून दाखवायच्या आणि पाहुणे म्हणायचे, वा. तेवढ्यावर मी आठवडा काढायची.

पुढे मोठ्या बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी भाषणे झाली, फोटो निघाले. फोटोत मला घ्यायचे कोणाला सुचले नाही. जाताना त्यांनी खिशातला फुगा काढून माझ्या उशाशी ठेवला आणि दार ओढून घेतले. त्या मुठीची ऊब किती तरी वेळ त्या रबरात होती, की मला तसे वाटत होते, देव जाणे.

मग आली यंत्राची बाहुली. ती श्वास घेते, रडते, तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या होतात आणि तिचे हृदय संगणकावर चालते. तिच्यासाठी वेगळी खोली, वेगळा पडदा, आणि तिला हात लावण्याआधी हात धुवायचे. मला कपाटावर ठेवले. तिथून मला पंख्याच्या पात्यांवरची धूळ दिसायची आणि मुलींच्या डोक्यांचे भांग. माझ्या पायाच्या अंगठ्याला कोणीतरी टोपी अडकवून गेली, ती तिथेच राहिली. सुट्ट्या लागल्या की खोलीला कुलूप. बाहेरच्या वऱ्हांड्यात कोणाची चप्पल वाजली की मी कान टवकारायची. चप्पल पुढे निघून जायची. रोज कोणीतरी आपले मनगट धरायचे, आणि मग वर्षानुवर्षे कोणीच नाही. हे कसे असते ते शब्दांत सांगायला मी काही शिकलेली नाही.

माझा वनवास संपला तो यंत्राच्या बाहुलीच्या कृपेने. ऐन परीक्षेच्या तोंडावर ती बंद पडली. श्वास घेईना, रडेना. दुरुस्तीला माणूस यायचा तो काही येईना, आणि मुलांच्या आजारांची उजळणी तर राहिलेली. मॅडम म्हणाल्या, "ती जुनी आहे ना कपाटावर, तिला काढा."

काढायला चढली ती भिंगरी. वर्गातल्या मुलींनी ठेवलेले नाव. एका जागी पाय ठरत नाही, बोलणे संपायच्या आत उत्तर. मला काखेत मारून खाली उतरताना म्हणाली, "केवढी जड आहे गं ही म्हातारी."

इतक्या वर्षांत कोणीतरी वय बरोबर ओळखले, म्हणून मी तो अपमान गिळला.

मॅडम वाईट नाहीत, हे सांगायला हवे. मनापासून शिकवतात. पण त्यांना एका हाताने फळ्यावर काढायचे असते आणि दुसऱ्या हाताने माझा फुगा दाबायचा असतो, म्हणून तो टेबलावर सगळ्यांसमोर असतो. मुली काय, बघतात आणि मोजतात. मोठ्या बाईंच्या खिशाचे महत्त्व मला तेव्हा कळले.

उजळणी आठवडाभर चालली. मॅडमनी माझी दारे उघडून एक एक हृदय आत बसवले.

"हे बघा. खालच्या दोन कप्प्यांच्या भिंतीला छिद्र. काय होईल?"

"चांगलं रक्त परत फुप्फुसांकडे जाईल," चष्मेवाली म्हणाली. ती भिंगरीची जिवाभावाची मैत्रीण, वर्गात पहिली येणारी. "फुप्फुसं भरतील. मूल दूध पिताना दमेल, घामाघूम होईल, वजन वाढणार नाही."

"आणि औषध?"

"हृदयाला जोर देणारं," भिंगरी मध्येच घुसली. "देण्याआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण मिनिट ठोके मोजायचे. ठोके कमी असतील तर द्यायचं नाही, डॉक्टरांना कळवायचं. मूल ओकलं तरी पुन्हा द्यायचं नाही. भूक मेली, ओकायला लागलं, ठोके मंदावले, तर औषध अंगात जास्त झालं असं समजायचं."

"पाठ तर सगळं आहे तुला," मॅडम म्हणाल्या.

मग निळे रंगवलेले हृदय घातले. चार दोष एकत्र. असे मूल खेळता खेळता मध्येच उकिडवे बसते, कारण तसे बसले की त्याला बरे वाटते. "आणि एखादी शहाणी नर्स त्याला म्हणते, ऊठ, नीट उभा राहा. तुमच्यापैकी कोणी म्हणेल का?" सगळ्यांनी माना हलवल्या. तान्हे बाळ निळे पडले तर त्याचे गुडघे छातीशी दुमडायचे, हे माझे गुडघे दुमडून दाखवले. माझे रबर कडक झाले आहे. कुरकुरले.

रक्ताच्या आजारांसाठी माझ्या पोटात एक पिशवी आहे. तिच्यात तांबड्या बटणांचा ढीग, काही गोल, काही विळ्यासारखी वाकडी. काचेच्या नळीतून गोल बटणे सुरसुर खाली जातात, वाकडी आली की एकमेकांत अडकून नळी तुंबते. जिथे तुंबते तिथे दुखते.

"दुखऱ्या जागी काय ठेवाल?"

"बर्फ," मागून कोणीतरी म्हणाले.

"बर्फ ठेवलास तर अजून तुंबेल. ऊब द्यायची, भरपूर पाणी पाजायचं आणि मूल दुखतंय म्हणालं तर दुखतंय हे खरं मानायचं."

ज्याचे रक्त गोठत नाही, त्या मुलाचा गुडघा मात्र सुजला की स्थिर ठेवायचा, उंच ठेवायचा, गार ठेवायचा, आणि मांडीत इंजेक्शन टोचायचे नाही. ज्याला जन्मभर दुसऱ्याचे रक्त द्यावे लागते, त्याच्या अंगात लोह साठत जाते, ते काढायला वेगळे औषध. आणि ज्याच्या अंगात लोहच कमी, त्याला लोहाचे औषध द्यायचे ते दुधाबरोबर नाही. शी काळी झाली तर आईने घाबरू नये म्हणून आधी सांगून ठेवायचे.

"आधी सांगून ठेवायचं," मॅडम पुन्हा म्हणाल्या. "घरचे लोक शहाणेच असतात, त्यांना कोणी सांगितलेलं नसतं एवढंच."

शेवटच्या दिवशी वर्ग सुटल्यावर त्यांनी भिंगरीला थांबवले. ती याआधी एकदा मुलांच्या वॉर्डाच्या प्रॅक्टिकलमध्ये नापास झाली होती. मॅडम म्हणाल्या, "उद्यापासून तू वॉर्डात. या वेळी सिस्टरनी तुझ्या कामावर चांगला शेरा दिला तर पुढे जाशील. नाहीतर हा भाग पुन्हा सहा महिने. तुझ्या सगळ्या मैत्रिणी पुढे गेलेल्या असतील."

"देतील, मॅडम."

"आणि हिला घेऊन जा. तिथे चार वर्षांची एक मुलगी आहे, हृदयाला छिद्र, ऑपरेशन व्हायचंय. घाबरलीय. या बाहुलीवर करून दाखव तिला सगळं."

तर अशी मी भिंगरीच्या खांद्यावरून मुलांच्या वॉर्डात गेले. आयुष्यात पहिल्यांदा. फुगा आणि नळी सराव-खोलीतच राहिली. हे लक्षात ठेवा.

वॉर्डात दोन्ही बाजूंना खाटा, मध्ये औषधांची ढकलगाडी, आणि सगळीकडे खरी लेकरे. कोणी खोकते आहे, कोणी गाडी फिरवते आहे, कोणी आईच्या मांडीत तोंड खुपसून बसले आहे. मी आजवर फक्त त्यांच्यासारखी दिसत आले. ती पोर खिडकीजवळच्या खाटेवर होती. आदल्या संध्याकाळी भरती झालेली. हाडे मोजून घ्यावीत अशी, श्वास वरवर. जवळ तिची आजी. आई कामावरून संध्याकाळी यायची, दिवसभर आजीचे राज्य. आजी ताठ बसलेली, पिशवीचा बंद हाताला गुंडाळलेला, आणि वॉर्डात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वरून खालपर्यंत तपासत. मला बघून म्हणाली, "हिचा रंग गेलाय." मला ती बाई लगेच आवडली.

पोरीने मला कुशीत ओढले. तिने मला काही टोचले नाही की बांधले नाही. नुसते स्वतःच्या अंगाला लावून धरले. मित्रांनो, माझ्या छातीच्या लाकडाला तिचा ठोका लागत होता. बाहेरून, दुसऱ्याचा, पण खरा. मूठ कोणाचीच नव्हती. मी आयुष्यभर ठोका देत आले, आणि हे काय असते ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. आणि कळले तेच असे की काहीतरी बरे नाही. तो फार रेंगाळत होता. एक लागायचा, मग मी वाट बघायची.

सकाळच्या औषधाची वेळ झाली. सिस्टर ढकलगाडी घेऊन आल्या. मोठ्या अंगाच्या, भराभर काम करणाऱ्या. अख्खा वॉर्ड एकटीच्या खांद्यावर.

"खाल्लं का काही हिने?"

"दोन घास. ते पण काढले बाहेर," आजी म्हणाली. "दोन दिवस झाले, अन्नाला तोंड लावत नाही. इथल्या वासानं असेल."

"काल संध्याकाळी तर आलात तुम्ही. परवा कसला वास आला?" सिस्टर म्हणाल्या, पण तेवढ्यात दुसऱ्या खाटेवरून कोणी हाक मारली आणि त्यांनी भिंगरीकडे वळून सांगितले, "हिचे ठोके मोज. ठीक असतील तर हे औषध दे. मापून ठेवलंय." आणि त्या समोरच्या खाटेकडे वळल्या, पण कान इकडेच.

भिंगरीने स्टेथोस्कोप पोरीच्या छातीवर ठेवला. जागा अगदी बरोबर. आणि तिचे डोळे उठले. मॅडमची मूठ तिथे नव्हती. डोळे इकडे तिकडे फिरले आणि शेजारच्या खाटेच्या सलाईनवर थांबले. तिथे नळीत थेंब पडत होते, टपटप, टपटप, एका तालात. भिंगरीचे ओठ थेंबांबरोबर हलायला लागले.

मी सगळे बघत होते. काचेचे डोळे, मिटता येत नाहीत.

"किती?" सिस्टरनी तिकडूनच विचारले.

"एकशे चार."

"ठीक. दे मग."

भिंगरीने बिनसुईची सिरिंज उचलली. पोरीने ओठ घट्ट मिटले.

"आ कर बघू. गोड आहे."

पोरीने मान हलवली. माझ्याकडे बोट केले. "आधी तिला."

"तिला नंतर."

"आधी तिचं मोज. माझं मोजलं ना, तसंच. मग तिला औषध. मग मला."

आजी म्हणाली, "ऐकणार नाही ती. माझ्यावर गेलीय. मोज बाई एकदाचं, वेळ कशाला घालवतेस."

भिंगरीने सुस्कारा टाकला, सिरिंज तशीच हातात ठेवून दुसऱ्या हाताने स्टेथोस्कोप माझ्या लाकडी छातीवर टेकवला. नजर पुन्हा गेली ती तिकडेच. ओठ हलले. थोड्या वेळाने म्हणाली, "हं. हिचे पण एकशे चार."

"मला दे कानात," पोर म्हणाली.

तिने त्या नळ्या स्वतःच्या कानांत घातल्या आणि माझ्या छातीवर कान लावून बसावे तशी मन लावून ऐकत बसली. मग भिंगरीकडे बघितले.

"हिच्यात काही वाजतच नाही. तू खोटं सांगितलंस."

आजी हसली. "पकडलं बघ तुला."

भिंगरी हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मग सलाईनकडे बघितले, टपटप. मग पुन्हा माझ्याकडे. जिच्या अंगात ठोकाच नाही तिचे तिने एकशे चार मोजले होते, आणि जिच्या अंगात आहे तिचेही एकशे चार. तिचा चेहरा असा उतरला की मलाच क्षणभर दया आली. क्षणभरच.

सिरिंज तिने ट्रेमध्ये परत ठेवली. पोरीच्या कानांतून नळ्या काढून आपल्या कानांत घातल्या, सलाईनकडे पाठ केली, खाटेशी गुडघे टेकले आणि डोळे मिटून घेतले. घड्याळ आजीच्या हातात दिले. "मिनिट झालं की माझ्या खांद्याला हात लावा."

आजीने खांद्याला हात लावला तेव्हा भिंगरीचे ओठ पांढरे पडले होते. साठसुद्धा भरले नव्हते. चार वर्षांच्या पोरीला ते फार कमी.

आता मित्रांनो, तिथे तिला एक पळवाट होती. सिस्टरना म्हणता आले असते की आता अचानक ठोके कमी झाले. कोणाला कळले नसते. माझ्याशिवाय कोणालाच नाही, आणि मी सांगणार कशी?

"सिस्टर, औषध द्यायचं नाही. साठपेक्षा कमी आहेत."

सिस्टर झटक्यात वळल्या. "आत्ता एकशे चार म्हणालीस ना?"

"ते हिचे नव्हते. मी ठोके मोजलेच नव्हते. सलाईनचे थेंब बघून आकडा सांगितला."

सिस्टरनी स्वतःचा स्टेथोस्कोप लावला, ऐकले, आणि लगेच डॉक्टरांना बोलावणे पाठवले. मग आजीकडे वळल्या.

"घरी औषध कोण द्यायचं?"

"मी. दुसरं कोण देणार? वेळेवर देते. एक दिवस चुकवलं नाही."

"ओकली तर?"

"तर पुन्हा पाजते. एवढं महागाचं औषध बाहेर पडू देऊ? परवा ओकली, पुन्हा दिलं. काल सकाळी ओकली, पुन्हा दिलं. माझ्या हातून नागा नाही झाला."

सिस्टर खाटेच्या कडेवर बसल्या. त्यांचा आवाज खाली आला. "आजी, हे औषध ओकलं तरी पुन्हा द्यायचं नसतं. ते अंगात साठतं. तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं का?"

आजीने हाताला गुंडाळलेला पिशवीचा बंद सोडला, पुन्हा गुंडाळला. "वेळेवर द्या म्हणाले," एवढेच ती बोलली. तिचा ताठ पाठीचा कणा मी वाकताना पाहिला. मला तिच्या बाजूने भांडायचे होते. एवढ्या काळजीने सांभाळणाऱ्या बाईला अर्धेच सांगून घरी पाठवणाऱ्यांना मी चांगले सुनावले असते.

डॉक्टर आले. औषध बंद झाले. रक्त तपासायला गेले, छातीला तारा लागल्या, डोक्याशी यंत्राची हिरवी रेघ चालू झाली. सकाळचा तो डोस पोटात गेला असता तर काय झाले असते हे डॉक्टर आजीसमोर बोलले नाहीत. बाहेर जाऊन बोलले.

मी त्या खाटेवर राहिले. ते दिवस माझे. पोरीला भूक लागायला लागली, ओकारी थांबली, आणि माझ्या लाकडाला लागणारा ठोका पुन्हा चिमणीसारखा भुरभुरू लागला. ती मला सगळे सांगायची. मला तिच्या आजीने एक जुनी ओढणी कापून फ्रॉक शिवला. मला वाटले, आता ही मला घरी नेणार. म्हाताऱ्या बाईने एवढी आशा करू नये, पण केली.

ऑपरेशनच्या सकाळी तिला चाकांच्या खाटेवरून नेले. हातात कोणीतरी आणलेले कापसाचे नवे अस्वल होते. तिने मागे वळून बघितले नाही. लेकराने कशाला बघावे, तिच्यापुढे केवढे मोठे काम होते. तिच्या खाटेची चादर बदलली आणि मला धुवायच्या भांड्यांच्या गाडीवर ठेवून दिले. दोन दिवस मी तिथे होते. भांडी यायची, जायची.

शेवटी भिंगरीच मला परत घेऊन आली. सराव-खोलीत कोणी नव्हते. यंत्राची बाहुली दुरुस्त होऊन पलीकडच्या खोलीत पुन्हा श्वास घेत होती, तिचा सुस्कारा ऐकू येत होता. भिंगरीने मला टेबलावर बसवले आणि समोरच्या स्टुलावर बसली. मग माझ्याशीच बोलली, कारण दुसरे कोण होते?

"पोरगी छान आहे. छिद्र बुजवलं. काल आजीनं तिला खिडकीपर्यंत चालवलं." मग, "सिस्टरनी शेरा दिला. सगळं लिहिलं. खोटा आकडा सांगितला हे पण, आणि स्वतः कबूल केलं हे पण. मॅडम म्हणाल्या, पुन्हा सहा महिने." तिने नाक पुसले. "मी नसतं सांगितलं तर पास झाले असते गं. खरं बोलले म्हणून शिक्षा."

मित्रांनो, तुम्हीही उद्या कोणाचे तरी मनगट हातात घ्याल. आईचे, आजीचे, तापाने फणफणलेल्या धाकट्या भावाचे. तेव्हा त्याच्याकडेच बघा. आजारी माणूस आधीच फार एकटा असतो. त्याचा हात धरून दुसरीकडे बघणे म्हणजे त्याला अजून एकटे टाकणे. आणि ज्यांच्या अंगावर तुम्ही शिकलात, त्यांना काम झाल्यावर कपाटावर टाकू नका. निदान धूळ तरी झटका. मला एवढेच मागायचे होते.

पण भिंगरीचे उत्तर अजून राहिले होते. माझे रंगवलेले ओठ हलत नाहीत हे मला ठाऊक आहे. तरी त्या रिकाम्या खोलीत मी मोठ्याने बोलले. तिने ऐकले की नाही, ते तिचे तिला माहीत.

"डोळे पूस आणि नीट ऐक. खरं बोललीस म्हणून शिक्षा नाही झाली तुला. विषासारखं औषध त्या लेकराच्या ओठांपर्यंत नेलंस, म्हणून झाली. सहा महिने कमीच आहेत, मी असते तर वर्ष दिलं असतं. नापास झालीस ते उत्तम झालं. पण हे पण सांगते. माझं लेकरू असतं आणि आजारी पडलं असतं, तर वर्गात पहिल्या येणाऱ्या त्या चष्मेवालीच्या हाती नसतं दिलं. तुझ्याच हाती दिलं असतं. आज नव्हे. सहा महिन्यांनी ये."